डांबर फासणं बंद करा राव!

मंडळी, पावणे एमआयडीसीत एक चक्कर मारा आणि दारांवरच्या शेड बघा. शेड जिथे विटांच्या भिंतीला टेकते तिथे जागोजागी तेच दिसेल: काळं डांबर, त्यावर सिलिकॉन, त्यावर सिमेंटचा तिरपा गिलावा आणि खाली ओलीचे डाग. पुरातत्त्व खात्याने उत्खनन करावं इतके थर! लोणावळ्याच्या बंगल्यावर महागडे शिंगल्स असले तरी सांध्याची गोष्ट तीच.

माझं म्हणणं सरळ आहे. हा प्रॉब्लेम मटेरियलचा नाही, डिझाईनचा आहे. दर मे महिन्यात तोच पॅच मारून बिल लावणारा कंत्राटदार जितका दोषी, तितकेच ते बिल मुकाट भरणारे आपण. आमच्या धंद्यात एरर आली की ट्राय-कॅचमध्ये गुंडाळून गप्प बसवणारे महाभाग असतात. हे तसंच.

थोडं गणित करू. लोखंडी पत्रा दर अंशाला, दर मीटरमागे साधारण ०.०१२ मिमी वाढतो. ६ मीटरचा पत्रा घ्या आणि तापलेल्या दुपारीपासून पहिल्या सरीपर्यंत ४० अंशांचा फरक धरा. झाले जवळपास ३ मिमी. भिंत जागची हलत नाही. मग मधला गिलावा काय करणार? तडकणार! पाण्याला केसाएवढी चीर पुरते. त्यात आपल्याकडे नैऋत्येचा वारा पाऊस आडवा मारतो, म्हणजे भिंतीवरून ओघळणारं पाणीही थेट त्याच चिरेवर.

उपाय जुना आहे: फ्लॅशिंग. म्हणजे वाकवलेल्या पत्र्याच्या दोन पट्ट्या. खालची शेडवरून वळून भिंतीवर निदान १५० मिमी चढते, पण भिंतीला ठोकायची नाही. वरची पट्टी विटांच्या दोन थरांमधल्या सांध्यात इंचभर खाच मारून आत घालायची आणि तिचा पदर खालच्या पट्टीवर सोडायचा. भरायची ती फक्त खाच. मग शेड तापो की आक्रसो, एक पट्टी दुसरीखाली सरकत राहते आणि पाणी पदरावरून घसरून शेडवर पडतं. भिंतीला गिलावा असेल तर खाच विटेपर्यंत जायला हवी, नाहीतर पाणी गिलाव्यामागून उतरतं. शिंगल्सची उताराची कड भिंतीला लागत असेल तर तिथे एक लांब पट्टी नको. प्रत्येक थराला वेगळा तुकडा, वरचा खालच्यावर.

आणि यात विलायती काही नाही हो. कोकणातल्या घराची पडवी आठवा. तिचं छप्पर मुख्य छपराच्या वळचणीखाली सुरू होतं. पागोळ्या सांध्याच्या पुढे, पडवीच्या कौलांवर पडतात. बासल मिशनने १८६५ साली मंगळुरात ज्या कौलांचा कारखाना काढला, तीही एकमेकांत अडकवून, एकावर एक चढवूनच पाणी अडवतात. आपण स्लॅब आणला, वळचण काढून टाकली, भिंत पावसात उघडी केली आणि पडवी मात्र तशीच चिकटवली. वा!

"भिंतीला खाच मारली की भिंत कमकुवत होते," हे मी दहादा ऐकलंय. नऊ इंची भिंतीत सांध्यातलं इंचभर मॉर्टर काढून भिंत पडत नाही. हां, साडेचार इंची भिंत किंवा पोकळ ब्लॉक असतील तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा, तिथे मी हट्ट धरणार नाही. आणि काँक्रीटच्या बीमला तर ग्राइंडर लावूच नका, आत सळया आहेत.

राहिला खर्च. पत्रा वाकवून देणारं फॅब्रिकेशनचं दुकान शोधायला फार लांब जावं लागत नाही, आणि हे काम दरवर्षी करायचं नसतं. यंदा सोसायटीत कोटेशन आलं की सेक्रेटरीकाकांना एवढंच विचारा, "काका, यात खाच कुठे लिहिलीय?" 'दहा वर्षांची गॅरंटी आहे' असं उत्तर आलं तर ती डांबराची आहे की सांध्याची, हेही तिथेच लिहून घ्या.