थंड समुद्राचा पोशाख

सॅन फ्रान्सिस्कोपासून सँटा क्रूझपर्यंतच्या मुलखात नोकरीनिमित्त वा शिक्षणानिमित्त राहणारी मराठी कुटुंबे आज पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यातील तरुणांस फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होण्याचा, म्हणजे सर्फिंगचा, नाद लागला तर त्यात वावगे काहीच नाही; परंतु कोकणच्या समुद्रावरून बांधलेली अनुमाने हे तरुण सोबत घेऊन जातात, ही मात्र चिंतेची बाब आहे. आमच्याकडे समुद्राचे पाणी ऐन पौषातही साधारण २४-२५ अंशांच्या खाली फारसे उतरत नाही आणि वैशाखात ३० अंशांच्या घरात जाते. त्यामुळे ऊन कडक असले की पाणी कोमट असणारच, हा समज आपल्या हाडीमासी खिळलेला असतो. त्या किनाऱ्यावर तो जिवावर बेतू शकतो.

तेथे पाण्याचे तपमान बहुधा ११ ते १५ अंशांच्या दरम्यान राहते, आणि आश्चर्य हे की पुष्कळदा ते भर हिवाळ्यापेक्षा एप्रिल-मेमध्ये, म्हणजे फुलांनी टेकड्या बहरलेल्या असताना, अधिक खाली जाते. त्या ऋतूत वायव्येकडून किनाऱ्याला समांतर असे जोराचे वारे सुटतात. त्या वाऱ्यांच्या रेट्याने आणि पृथ्वीच्या परिवलनाने वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते, व त्याची जागा घ्यावयास खोलवरचे शीतल पाणी वर येते. तेथील मत्स्यसंपत्ती याच पाण्यावर पोसलेली आहे. पण मानवी देहास ते निर्दय आहे. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातील उष्णता हिरावून घेते; आणि १५ अंशांहून थंड पाण्यात अकस्मात शिरलेल्या माणसास पहिल्या मिनिटातच अशी अनावर धाप लागते की, त्याच क्षणी तोंडावर लाट आली तर पट्टीचा पोहणाराही बुडावा.

याच किनाऱ्याने या संकटावर तोडगाही दिला. बर्कलेचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी हे ओळखले की, ऊब टिकविण्यासाठी अंग कोरडे राहण्याची गरज नाही. निओप्रिन या कृत्रिम रबरातील सूक्ष्म वायुकोश उष्णता अडवितात, आणि आत शिरलेले थोडेसे पाणी अंगाला चिकटून राहिले तर तेही उबदार होते. जॅक ओनील यांनी १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोत दुकान काढले आणि निओप्रिनचा हा पोशाख, म्हणजे वेटसूट, सर्फिंग करणाऱ्यांच्या अंगावर चढविला.

आतले पाणी अंगाला चिकटून राहिले तरच ते उबदार होते; म्हणूनच माझ्या मते पोशाखाच्या जाडीइतकेच, किंबहुना जाडीहूनही अधिक, महत्त्व मापाला आहे. खरेदीच्या वेळी पोशाख अंगात चढवून दोन्ही हात डोक्यावर न्यावेत, खाली बसून उठावे. कमरेच्या मागच्या खळग्यात किंवा काखेत कापड सुटून चिमटीत येत असेल, गळ्यापाशी बोट सहज आत जात असेल, तर प्रत्येक लाटेसरशी नवे गार पाणी आत घुसेल आणि पाच मिलिमीटरची जाडीही व्यर्थ ठरेल. शिवणीही उलटून पाहाव्यात. आरपार टाके घातलेली शिवण पाझरते, चिकटवून अर्ध्या जाडीपर्यंतच टाचलेली शिवण पाणी अडविते. मित्राचा जुना, ठिकठिकाणी कडक झालेला पोशाख मागून नेणे ही काटकसर नव्हे. त्यातील वायुकोश केव्हाच दबून गेलेले असतात.

त्या किनाऱ्यासाठी एकच पोशाख घ्यावयाचा असेल तर धडाला ४ आणि हातापायांना ३ मिलिमीटर जाडीचा घ्यावा, वसंतात त्यास टोपी व निओप्रिनच्या बुटांची जोड द्यावी, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी नोआ या सरकारी खात्याच्या समुद्रातील बोयांनी नोंदविलेले त्या दिवसाचे तपमान पाहावे. ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी एवढा मजकूर त्यांना अवश्य कळवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.