तागा मोजून घेणारे आपण, मोटार मात्र जबानीवर

कापड बाजारात माझी तीस वर्षे गेली. भिवंडीहून आलेला तागा असो की सुरतेहून आलेली साड्यांची गाठ असो, ती उलगडून, मीटर लावून, उजेडात धरून पाहिल्याशिवाय आम्ही माल उतरवून घेत नाही. दोन मीटर कमी भरले तर त्याच रात्री पार्टीला फोन जातो. परंतु हाच माणूस जेव्हा तीन-चार लाखांची जुनी मोटार घ्यायला निघतो तेव्हा त्याची सारी हुशारी कोठे जाते, कोण जाणे! हे मी दुसऱ्या कोणाविषयी नव्हे, स्वतःविषयी लिहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या आईला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावे लागे. रिक्षावाले जवळचे भाडे घेत नसत. म्हणून अंधेरीच्या एका गाडी-विक्रेत्याची जाहिरात पाहून घाईघाईने एक जुनी गाडी घेतली. जाहिरातीत तीन गोष्टी ठळक अक्षरांत होत्या : एकच मालक, ३८ हजार किलोमीटर, अपघात नाही. सौदा ३ लाख ४० हजारांना ठरला. चहा झाला, हात मिळवला, पैसे दिले.

महिनाभरात गाडी रस्त्यात बंद पडू लागली. जोगेश्वरीच्या ओळखीच्या मिस्त्रीने पायाखालचा गालिचा उचलला, तर खाली वाळलेला गाळ. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला तर शेवटच्या हातभर पट्ट्यावर पाण्याचा डाग, सीटच्या रुळांना गंज. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये चौकशी केली तेव्हा कळले की दीड वर्षापूर्वीच ती गाडी ७१ हजार किलोमीटर चालल्याची नोंद आहे. म्हणजे गाडी पुराच्या पाण्यात बुडालेली आणि मीटर मागे फिरवलेले. विक्रेत्याकडे गेलो तर तो म्हणाला, "शेठ, जुना माल आहे. जसा होता तसा तुम्ही पाहून घेतलात."

आपल्या उपनगरांत बुडालेल्या गाड्यांचा हा धंदा नवा नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुर्ला, कलिना भागांत गाड्या छपरापर्यंत पाण्यात होत्या. त्यांतल्या कितीतरी धुऊन-पुसून, रंग मारून पुन्हा बाजारात आल्या. पावसाळा संपला की स्वस्त गाड्यांच्या जाहिराती वाढतात, त्यांच्याकडे जरा संशयानेच पाहावे.

आता त्या "जसा होता तसा" या शब्दांविषयी. हे खरे आहे की जुन्या गाडीचे टायर झिजलेले असणार, क्लच सैल असणार. त्याबद्दल तक्रार करणे म्हणजे सेकंडचा माल सेकंडच्या भावात घेऊन फ्रेशची अपेक्षा करणे होय. पण विक्रेत्याने ऐबाविषयी गप्प राहणे वेगळे आणि ३८ हजार म्हणून लिहून देणे वेगळे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जुन्या वस्तूंना वगळत नाही. वस्तूच्या दर्जाविषयी खोटे सांगणे ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि आपल्याला कायद्याचे पुस्तक उघडण्याची तरी काय गरज? धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आत ओल लागली, ती भिजलेली बाजू वर का ठेवली नाहीस, असा सवाल हुजूर (स.) यांनी केल्याची हदीस आपण मदरशात असताना ऐकली आहे. फिकहमध्ये खियार-ए-ऐब म्हणतात ते हेच. ऐब लपवलेला निघाला तर घेणाऱ्याला सौदा परत करण्याचा हक्क आहे.

हक्क होता, पण माझा पाय दुसरीकडेच अडकला. हिशेबनिसाच्या सल्ल्याने गाडीची पावती मी दुकानाच्या नावाने केली होती. वकीलसाहेब पावती पाहून म्हणाले, "चाचा, समोरचा पहिला मुद्दा हाच काढणार, की तुम्ही ग्राहकच नाही." कारण व्यापारी कामासाठी माल घेणाऱ्याला हा कायदा ग्राहक मानत नाही. हा मुद्दा आपल्या वाचकांनी नीट समजून घ्यावा, कारण आपण बहुतेक सारे दुकानदार नाही तर कारागीर आहोत.

लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली याचा खुलासा केला. जो स्वतः रिक्षा चालवून पोट भरतो, तो रिक्षा घेताना ग्राहकच असतो. स्वतःचा ट्रक स्वतः चालवणाराही ग्राहक. परंतु तीच गाडी, किंवा लेथ मशीन, केवळ दुसऱ्याच्या हातून चालवून घेण्यासाठी घेतली तर तो ग्राहक राहत नाही. मालाच्या डिलिव्हरीसाठी टेम्पो घेऊन त्यावर पगारी ड्रायव्हर ठेवणाऱ्या आपल्या भावांनी हे ध्यानात ठेवावे. पुढे २०१९ साली मुंबईच्याच लीलावती ट्रस्टच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की खरेदीमागचा मुख्य हेतू पाहावा. ट्रस्टने परिचारिकांना राहण्यासाठी फ्लॅट घेतले होते, ते व्यापारी काम ठरले नाही. माझी गाडी आईसाठी होती, म्हणजे माझी बाजू अगदीच लंगडी नव्हती. पण घरच्या गाडीची पावती घरच्या माणसाच्या नावाने केली असती तर हा वादच उभा राहिला नसता. कर वाचवण्याच्या नादात हक्क गहाण पडला.

दुसरी गोष्ट विक्रेत्याची. स्वतःची एकुलती एक गाडी विकणारा शेजारी हा काही व्यापारी नव्हे, त्याने फसवले तर ग्राहक आयोगात दाद मिळणे कठीण. तेथे १८७२ च्या करार कायद्याखाली दिवाणी दावा करून सौदा रद्द करून घ्यावा लागतो. मग दलाल नेमके काय म्हणतो? "मी तर फक्त कमिशन घेतो, मालक दुसराच आहे." ही पळवाट बंद करण्यासाठी १ एप्रिल २०२३ पासून केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केला. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यायचे आणि गाडी ताब्यात आल्याचे आरटीओला कळवायचे. तसे कळवले की तोच मालक मानला जातो. प्रमाणपत्र दाखवा म्हटल्यावर जो चहा मागवतो, त्याचा चहा पिऊन उठावे.

जाहिरातीचे कात्रण, मोबाईलवरचे संदेश, बयाण्याची पावती, मिस्त्रीचा लेखी अभिप्राय हे सारे जपून ठेवावे. विम्याचा जुना कागद अवश्य मागावा. अनेक वर्षांच्या गाडीवर नो-क्लेम बोनस शून्य असेल तर नुकतीच भरपाई घेतली गेली असण्याचा संभव असतो, मग ती कशाची, हे विचारावे. तक्रारीला मुदत दोन वर्षांची. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, मुंबई उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्रे पूर्वेला आहे. घाटकोपर-मुलुंडकरांनाही तेथेच जावे लागते. ५ लाखांपर्यंत फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. कायद्यात निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असे लिहिले आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे लपवण्यात अर्थ नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत आपल्या जवळच, विलेपार्ल्यात आहे.

माझ्या प्रकरणात वकिलाची नोटीस गेल्यावर विक्रेत्याने ६० हजार परत केले. आईची तब्येत बिघडत होती, तारखांना जाणार कोण, म्हणून मी ते घेतले. ती गाडी पुढे भंगारात गेली.

गेल्या महिन्यात भाचा घाटकोपरला एक व्हॅन पाहायला गेला होता. सौदा पटला. त्याने विक्रेत्याला एवढेच म्हटले, की जाहिरातीतल्या तीनही ओळी बिलावर लिहून खाली सही करा. विक्रेता म्हणाला, "भाई, आमची जबान पुरेशी नाही का?" भाचा लोकल पकडून घरी आला.