रोपं लाखांनी, पण आई किती? जट्रोफाचा अनुभव बांबूच्या वेळी तरी आठवावा

आसाममधल्या नुमालीगड इथे बांबूपासून इथेनॉल तयार करणाऱ्या प्रकल्पाचं सप्टेंबर 2025 मध्ये उद्घाटन झालं. आपल्याकडेही अनुदानावर बांबू लागवड सुरू आहे. रोप जगेल का, तोडणी कधी, दर काय मिळेल, हे शेतकरी विचारतातच. पण ही हजारो रोपं मुळात किती बेटांपासून तयार केली, हे कुणी विचारत नाही. वीस वर्षांपूर्वी जट्रोफाच्या वेळीही ते विचारलं गेलं नव्हतं.

जट्रोफा म्हणजे आपला मोगली एरंड. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला लावतात. बिया विषारी, पोरांनी खाल्ल्या की उलट्या होऊन दवाखाना गाठावा लागतो. 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने या झाडाला डिझेलचं झाड ठरवलं. 2011-12 पर्यंत डिझेलमध्ये 20 टक्के जैवडिझेल मिसळायचं, असा बेत होता. ते जमलं नाही. 2009 च्या धोरणात हेच 20 टक्के 2017 वर ढकलले आणि 2018 च्या धोरणात आकडा थेट 5 टक्क्यांवर आला, तोही 2030 पर्यंत!

पाणी लागत नाही, मुरमाड जमिनीतही पीक येतं, असं सांगितलं होतं. झाड जगलं हे खरं, पण बी पोटभर लागलं नाही. खत-पाण्याचा, दराचा प्रश्न होताच. आणखी एक कारण मात्र झाडाच्या रक्तातच होतं.

मोगली एरंड मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. पोर्तुगीजांच्या जहाजांतून तो जगभर पसरला, असं मानलं जातं. जी थोडी झाडं इकडे आली, त्यांच्याच फांद्या तोडून लोकांनी बांधोबांध कुंपणं केली. फांदी लावून आलेलं झाड म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. म्हणजे देशभर पसरलेलं हे सगळं गोत बहुधा एकाच घरातलं.

हे डीएनए तपासणीने दिसलं. पानातून डीएनए काढतात, त्यातल्या ठरावीक तुकड्यांच्या यंत्रात असंख्य प्रती करतात आणि त्या जेलवर पट्ट्यांच्या रूपात दिसतात. दोन झाडांच्या पट्ट्या जितक्या जुळतील तितकं नातं जवळचं. या खुणांना मॉलिक्युलर मार्कर म्हणतात. हैदराबादच्या तेलबिया संशोधन संचालनालयातल्या शास्त्रज्ञांनी 2007 मध्ये भारताच्या वेगवेगळ्या भागांतले 42 नमुने आणि मेक्सिकोचा एक बिनविषारी नमुना असे तपासले. आपल्या नमुन्यांमधली विविधता मर्यादितच निघाली. चीनमधल्या लागवडीतही असंच आढळलं. उलट मेक्सिकोच्या चियापास भागात, झाडाच्या माहेरी, विविधता भरपूर मिळाली.

विविधता नसेल तर चांगलं वाण निवडायचं कशातून? दहा सारख्या झाडांतून सरस झाड कसं निघणार? शिवाय सगळी एकसारखी असली की एक रोग सगळ्यांनाच गाठतो. ही तपासणी लागवडीच्या आधी व्हायला हवी होती. इथे घोडं आधी पळालं, नाल नंतर ठोकला.

मार्कर म्हणजे जादू नव्हे, हेही सांगायला हवं. शेताच्या हद्दीचा दगड जमीन कुठे सुरू होते ते दाखवतो, आत किती पोती पिकणार ते सांगत नाही. तसंच बहुतेक मार्कर झाडं वेगळी आहेत एवढंच सांगतात. तेल किती निघेल, हे शेतात लावून, वर्षानुवर्षं मोजूनच कळतं. मार्करने एवढं होतं की निवडीसाठी खरोखर वेगळी झाडं हाताशी येतात, आणि एकच झाड चार नावांनी विकलं जात असेल तर ते उघडं पडतं.

ओढ्याकाठचा करंज याच्या अगदी उलट. तो आपल्या मातीतला, मधमाश्यांमुळे परागीकरण होणारा. त्याच्या डीएनएत मोठी विविधता आढळली आहे. पण म्हणूनच कुठल्याही झाडाखालचं बी गोळा करून रोपं केली, तर एक झाड लदलदून येतं आणि शेजारचं नुसताच पाला देतं. तिथे निवड करून कलम बांधणं बरं.

बांबूत धोका वेगळा आहे. अनेक जाती काही दशकांनी एकदम फुलतात आणि मरतात. मिझोराममध्ये 1959 नंतर 2007 च्या सुमारास असं झालं. बी खाऊन उंदीर माजले आणि त्यांनी पिकं फस्त केली. टिश्यू कल्चरची रोपं एकाच बेटाची असतील तर आईचं वयही त्यांच्यासोबत येतं. बेट फुलोऱ्याच्या जवळ असेल तर अख्ख्या शिवाराचा बांबू एकाच वेळी वाळू शकतो. रोपं एकाच बेटाची आहेत का, हे मार्कर सांगू शकतात. बेटाचं वय मात्र नोंदीतूनच कळतं.

त्यामुळे रोपं उतरवून घेताना रोपवाटिकेला तीन गोष्टी विचाराव्यात आणि पावतीवर लिहून घ्याव्यात: जात कोणती, रोपं किती बेटांपासून केली, आणि बियाण्याची असतील तर ते बी कुठल्या वर्षीच्या फुलोऱ्याचं. गावाने एकत्र मागणी केली, तर दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणची रोपं मागवून मिसळून लावता येतात.