व्यापार-विचार : वहीतील शिल्लक आणि गोदामातील थप्पी

‘माल किती आहे?’ हा प्रश्न आपल्या व्यापारी घरांत रोज विचारला जातो. ‘माल कुठे आहे?’ हा प्रश्न मात्र क्वचितच ऐकू येतो. पिढ्यान्पिढ्या पेढीच्या मागेच वखार असे. गादीवर बसलेल्या माणसाने मान वळवली की थप्पी दिसे, आणि त्याच हाताने कीर्द लिहिली जाई. हिशोब आणि माल यांच्यात एका भिंतीचेच अंतर होते. त्यामुळे साठ्याचा विचार आणि वखारीचा विचार ही दोन वेगळी कामे आहेत, हे कोणास जाणवण्याचे कारणच नव्हते. आता घरोघरीची तरुण मंडळी दूरदूरच्या ग्राहकांना ऑनलाइन माल विकू लागली आहेत आणि ते अंतर वाढले आहे. म्हणून या वेळी या दोन कामांतील भेद समजून घेऊ.

उदाहरण आपल्याच परिसरातील घेऊ. गोंदिया हा धानाचा जिल्हा. येथील भात गिरण्यांतून तांदूळ दूरवर जातो. समजा, गोंदियाच्या बाजारात दुकान असलेल्या एका कुटुंबाने जागेच्या अडचणीमुळे शहरालगत नागरा येथे गोदाम घेतले. प्राचीन शिवमंदिरासाठी ओळखले जाणारे हे गाव शहरापासून दूर नाही. थोरले बंधू दुकान पाहतात, धाकटे नागऱ्याचे गोदाम सांभाळतात, आणि पुतण्याने पाच किलोच्या पिशव्यांत एचएमटी, चिन्नोर व जय श्रीराम हे तांदूळ ऑनलाइन विकण्यास आरंभ केला आहे. कुटुंब कल्पित आहे, अडचण मात्र अनेक घरांच्या परिचयाची असेल.

एका सकाळी संगणकावर चिन्नोरच्या ४० पिशव्या शिल्लक दिसतात. रात्रीतून ३० पिशव्यांची मागणी आली आहे. पुतण्या निश्चिंत मनाने ती स्वीकारतो. गोदामात मात्र शोधून २४ पिशव्याच हाती लागतात. उरलेल्या १६ पिशव्यांचे काय झाले? सात काल दुकानात रोखीने विकल्या गेल्या होत्या. त्यांची नोंद आज होणार होती. तीन ग्राहकांकडून परत आल्या होत्या. त्या फाटलेल्या होत्या, तरी संगणकाने त्या पुन्हा विक्रीयोग्य साठ्यात मिळवल्या. आणि सहा पिशव्या गोदामातच, एचएमटीच्या थप्पीमागे गेल्या होत्या. त्या चार दिवसांनी सापडल्या. परिणामी सहा पिशव्यांची मागणी रद्द करावी लागली. तोटा सहा पिशव्यांच्या नफ्याचा नव्हे. ज्या ग्राहकाने आपले तोंडही पाहिले नाही, त्याच्याजवळ आपली साख एवढीच की आपण शब्द पाळतो की नाही. ती साख गेली.

या तीन चुका एकाच जातीच्या नाहीत, आणि भेद येथेच आहे. सात पिशव्यांची चूक साठा व्यवस्थापनाची. माल गेला, पण शिल्लक कमी झाली नाही. सहा पिशव्यांची चूक गोदाम व्यवस्थापनाची. शिल्लक बरोबर होती, पण वस्तू हाती लागली नाही. तीन पिशव्यांची चूक दोन्हींच्या सीमेवरची. गोदामाने परत आलेला माल तपासला नाही आणि हिशोबाने तो न विचारता जमा करून घेतला. त्या दिवशी केवळ थप्पीमागच्या सहा पिशव्या सापडल्या असत्या, तरी तीसही ग्राहकांना माल मिळाला असता. पुतण्याने मात्र सारा दोष संगणकाला दिला आणि काकांनी पुतण्याला. रोग कोणता हे न कळल्यावर घरात असेच होते.

साठा व्यवस्थापन हा भांडवलाचा विचार आहे. कोणता माल ठेवावा, किती ठेवावा, पुन्हा केव्हा मागवावा, कोणता माल पडून आहे, आणि त्यात आपले किती पैसे अडकले आहेत, हे त्याचे प्रश्न. ‘एका वेळी किती मागवावे?’ या प्रश्नाला गणिती सूत्रात बांधण्याचे श्रेय फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याला दिले जाते. त्याचा लेख १९१३ साली प्रसिद्ध झाला. थोडा थोडा माल वारंवार मागवला तर मागणीचा व वाहतुकीचा खर्च वाढतो; एकदम पुष्कळ मागवला तर साठवणीचा खर्च आणि व्याज वाढते. या दोहोंचा समतोल साधणारे प्रमाण कोणते, एवढाच तो प्रश्न. आपल्या पूर्वजांनी तो अनुभवाने सोडवला होता.

पुन्हा केव्हा मागवावे, याचे गणित सोपे आहे. दररोज सरासरी २० पिशव्या खपतात आणि गिरणीकडून भरून येण्यास सहा दिवस लागतात, तर त्या काळात १२० पिशव्या जातील. सणासुदीची वाढीव मागणी किंवा गाडीचा उशीर यांसाठी ६० पिशव्या राखीव धरल्या, तर साठा १८० वर येताच नवी मागणी दिली पाहिजे. हे गणित दुकानात बसून, गोदामात पाऊल न टाकताही करता येते. साठा व्यवस्थापनाची शक्ती यात आहे आणि त्याची मर्यादाही यातच आहे. ते आकड्यांवर चालते. आकडा खरा आहे की नाही, हे त्याला स्वतःला कळत नाही.

गोदाम व्यवस्थापन हा जागेचा, हातांचा आणि वेळेचा विचार आहे. आलेला माल मोजून व पारखून घेणे, नेमून दिलेल्या जागी लावणे, मागणीनुसार काढणे, बांधणे, रवाना करणे आणि परत आलेला माल वेगळा ठेवून तपासणे, ही त्याची अंगे. धान्याच्या वखारींत हे शास्त्र नवे नाही. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाची स्थापना १९५७ सालची आहे. चांगल्या सार्वजनिक गोदामात पोती जमिनीवर टेकवीत नाहीत, खाली लाकडी फळ्या घालतात. थप्पी भिंतीपासून अंतर राखून लावतात. दोन थप्प्यांमध्ये फिरण्यास वाट सोडतात. आणि प्रत्येक थप्पीवर एक पत्रक लटकवतात. माल कोणता, पोती किती, आली केव्हा, निघाली किती, हे त्या पत्रकावरून तेथेच उभे राहून वाचता येते. नागऱ्याच्या गोदामात असे एक पत्रक आणि एक मोकळी वाट असती, तर त्या सहा पिशव्या हरवल्या नसत्या.

धान्याच्या बाबतीत गोदामाचे महत्त्व आणखी एका कारणाने मोठे आहे. तांदळातील ओलावा १४ टक्क्यांच्या वर गेला की बुरशी आणि कीड यांना निमंत्रण मिळते. कीड पडल्यावर धुरी देण्याची वेळ येते. ती वेळच येऊ नये म्हणून आधी कोरडेपणा, हवा आणि स्वच्छता राखणे हीच खरी जयणा. आपल्या घरांना हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. संगणकातील शिल्लक मात्र माल किडला तरी तेवढीच राहते.

आता दोन्ही कामे जेथे एकमेकांत गुंततात, त्या जागा पाहू. पहिली जागा नावाची. ‘चिन्नोर’ हे नाव एकच, पण भंडाऱ्याच्या आणि सीमेपलीकडील बालाघाटच्या चिन्नोरला स्वतंत्र भौगोलिक मानांकने आहेत. दोन्ही एकाच थप्पीत लागले आणि पिशवीवर भलतेच नाव गेले, तर ग्राहकाची फसवणूक होते, मग ती अजाणता का असेना. हिशोबात ती दोन खाती हवीत आणि गोदामात दोन जागा.

दुसरी जागा वयाची. बहुतेक मालास ‘आधी आलेला आधी जावा’ हा नियम लागू पडतो. तांदळाचे तसे नाही. जुना तांदूळ मोकळा शिजतो म्हणून त्याला अधिक भाव मिळतो. तेव्हा यंदाचा नवा आणि गेल्या वर्षीचा जुना, वाण एकच असला तरी, दोन वेगळ्या वस्तू मानाव्या लागतात. ‘जुना’ म्हणून विकलेला माल खरोखर जुना आहे, हे थप्पीवरील तारीखच सांगू शकते. तूरडाळ, मसाले, फरसाण, लोणची यांच्यात मात्र मुदत आधी संपणारा माल आधी काढणे अनिवार्य आहे.

तिसरी जागा परताव्याची. परत आलेला माल लगेच साठ्यात मिळवू नये. विक्रीयोग्य, मागणीसाठी राखून ठेवलेला, तपासणीत असलेला आणि खराब, असे चार भाग हिशोबात करावेत आणि त्यांना गोदामातही चार निरनिराळे कोपरे द्यावेत. कापड वा पादत्राणे विकणाऱ्यांना, ज्यांच्याकडे मापावरून माल परत येतो, हे विशेष लागू आहे.

चौथी जागा कायद्याची. गोदाम दुकानापासून वेगळे असेल, तर जीएसटी नोंदणीत ते अतिरिक्त व्यवसायस्थळ म्हणून दाखवावे लागते. खाद्यपदार्थ असतील तर त्या जागेसाठी अन्न सुरक्षेचा स्वतंत्र परवाना अथवा नोंदणी लागते. ऑनलाइन कंपनीच्या परराज्यातील गोदामात माल ठेवल्यास त्या राज्यातही जीएसटी नोंदणी आवश्यक ठरते. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच भरलेल्या व लेबल लावलेल्या तांदळावर कर लागू झाला आहे. तेव्हा खरेदीच्या कराची वजावट घेणाऱ्यांनी हेही ध्यानी ठेवावे की हरवलेल्या, चोरीस गेलेल्या वा नष्ट झालेल्या मालावरील वजावट कायद्याने परत करावी लागते. म्हणजे थप्पीमागे हरवलेली पिशवी करातही दिसते. विम्याच्या पत्रात गोदामाचा पत्ता आहे की नाही, हेही आजच पाहावे.

मग आधी काय करावे? संगणक प्रणाली विकणारे साठ्याची प्रणाली आणि गोदामाची प्रणाली अशा दोन वस्तू पुढे ठेवतात. साठ्याची प्रणाली दुकान आणि सर्व ऑनलाइन बाजारपेठा यांची शिल्लक एकत्र जोडते. दोन ठिकाणी विक्री सुरू झाली की ती लवकर घ्यावी. गोदामाची प्रणाली प्रत्येक वस्तूची जागा, ती ठेवणारा हात आणि काढण्याचा क्रम यांची नोंद ठेवते. ती गोदाम मोठे झाल्यावर, माल काढणारी माणसे अनेक झाल्यावर किंवा मुदतीचा माल वाढल्यावर उपयोगी पडते. ॲमेझॉनच्या अवाढव्य गोदामांत एका जातीच्या वस्तू एका ठिकाणी नसतात; जेथे कप्पा रिकामा तेथे वस्तू ठेवतात. पाहणाऱ्यास तो गोंधळ वाटतो. पण प्रत्येक कप्प्याला संकेतांक आहे आणि ठेवताक्षणी त्याची नोंद होते, म्हणून तेथे वस्तू सापडते. नीटनेटकेपणापेक्षा नोंद थोर, हा त्यातील धडा.

लहान पेढीला तो धडा थोड्या खर्चात गिरवता येतो. गोदामाच्या ओळींना अ, आ, इ अशी नावे द्यावीत, जागांना क्रमांक द्यावेत आणि ते भिंतीवर रंगवावेत. प्रत्येक थप्पीवर पत्रक लावावे. माल हलला की आधी पत्रक, मग पाऊल, अशी शिस्त असावी. दिवाळीपर्यंत वा मार्चअखेरपर्यंत न थांबता रोज एका ओळीची मोजणी करावी. अधिक खपाच्या वस्तू आठवड्यातून एकदा, मंद खपाच्या महिन्यातून एकदा. फरक निघाला तर आकडा दुरुस्त करून थांबू नये, कारण शोधावे. ऑनलाइन शिल्लक दाखवताना दुकानासाठी काही पिशव्या बाजूला राखाव्यात. एवढे दोन-तीन महिने नीट चालले की मगच प्रणाली घ्यावी, कारण गोदाम जे सांगेल तेच प्रणाली लिहिणार.

आणखी एक गोष्ट पैशांहून मोठी आहे. कित्येक पेढ्यांत गोदामाचा संपूर्ण नकाशा घरातील एका ज्येष्ठाच्या किंवा जुन्या हमालाच्या डोक्यात असतो. कोणत्या थप्पीत गेल्या हंगामाचा माल आहे, कोणत्या कोपऱ्यात पावसात ओल येते, कोणत्या गिरणीच्या मालात कणी अधिक निघते, हे त्यांना डोळे मिटून ठाऊक असते. तरुणांना संगणक येतो, पण हे ज्ञान संगणकात नसते. ज्येष्ठ आजारी पडले किंवा हमाल गावी गेला की भरलेले गोदामही मुके होते. तेव्हा पुतण्याने काकांना संगणक शिकवण्याआधी काकांबरोबर एक सबंध दिवस गोदामात फिरावे, हमालांना आदराने विचारावे आणि जे ऐकले ते पत्रकांवर उतरवावे. त्यानंतर काकांनीही पुतण्याकडून पुनर्मागणीचे गणित समजून घ्यावे. एकाकडे मालाची नजर आहे, दुसऱ्याकडे भांडवलाची. पेढीला दोन्ही नजरा लागतात.