पावसाने नायट्रेट धुऊन जाते काय?

भूजलातील नायट्रेट हा खतांच्या शेतीचा प्रश्न आहे, शहरांना त्याची झळ लागत नाही आणि जे थोडे वाढते तेही पावसाळ्यात धुऊन निघते, हे मत अनेकदा ठामपणे मांडले जाते. दिल्लीतील मयूर विहारसारख्या यमुनाकाठच्या वसाहतीचा विचार केला, तर त्यातील एकही भाग जसाच्या तसा टिकत नाही. येथे नदीच्या पूरमैदानावर, म्हणजे स्थानिक बोलीतील खादरात, भाजीपाला पिकतो, जवळून सांडपाण्याचे नाले वाहतात आणि वस्ती दाट आहे. मलमूत्रातील नायट्रोजनाचे अमोनियात आणि पुढे प्राणवायूच्या सान्निध्यात जिवाणूंकडून नायट्रेटमध्ये रूपांतर होत असल्याने, युरियाची एक गोणीही न वापरता गळक्या गटारातून हे लवण जमिनीत उतरू शकते.

पावसाबद्दलचा युक्तिवाद अधिक काळजीपूर्वक तपासावा लागतो, कारण त्यात अर्धे सत्य आहे. नदीलगतच्या वाळूत पुराचे पाणी भरपूर मुरले, तर पातळी वाढते आणि नायट्रेट विरळ होते. जुलै २०२३ मध्ये दिल्लीत यमुनेने २०८.६६ मीटरची विक्रमी पातळी गाठली आणि खादर पाण्याखाली गेले. अशा वर्षीच्या नमुन्यावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढणे चूकच ठरेल. पण नायट्रेट ऋणभारित असते, आणि मातीच्या कणांवर बहुधा ऋणभारच असल्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. उन्हाळाभर जमिनीच्या वरच्या कोरड्या थरात साठलेले नायट्रेट पहिल्या मोठ्या पावसाबरोबर खाली झिरपते, म्हणून पावसाळ्यानंतर काही विहिरींत त्याचे प्रमाण घटण्याऐवजी वाढते. ज्याला धुणे म्हटले जाते, ते पुष्कळदा केवळ स्थलांतर असते, आणि त्या स्थलांतराचा शेवट पिण्याच्या पाण्यात होतो.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालते व त्यात सवलत नाही. अतिरिक्त नायट्रेटमुळे तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट वाफेमुळे अधिक संहत होते.

केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालानुसार ही मर्यादा ओलांडणारे नमुने आढळलेले जिल्हे २०१७ मध्ये ३५९ होते व २०२३ मध्ये ४४० झाले. हा आकडा गंभीर आहे, तथापि तो एखाद्या विहिरीचा कल सांगत नाही, कारण जिल्ह्यांची संख्या नमुने किती व कोठून घेतले यावरही अवलंबून असते. दीर्घकालीन कल ठरवायचा, तर त्याच विहिरीतून, त्याच खोलीवरून, दरवर्षी मे महिन्यात आणि पुन्हा नोव्हेंबरात नमुना घ्यावा, आणि मेची तुलना मेशी, नोव्हेंबरची नोव्हेंबरशीच करावी. अन्यथा ऋतूचा चढउतार वर्षांची वाढ म्हणून, किंवा त्याहून घातक म्हणजे सुधारणा म्हणून, खपून जातो.

त्याच नमुन्यात क्लोराइडही मोजावे. सांडपाण्यात ते भरपूर असते, पण जिवाणू त्याचा नाश करत नाहीत. नायट्रेटचा मात्र प्राणवायूविरहित गाळात ते नायट्रोजन वायू करून टाकतात. त्यामुळे पावसाळ्यानंतर दोन्ही सारख्या प्रमाणात घटले, तर पाणी विरळ झाल्याचा दावा मान्य करता येईल. नायट्रेट घटून क्लोराइड तसेच राहिले, तर घट पावसाने नव्हे, जिवाणूंनी घडवलेली असण्याची शक्यता अधिक, आणि दोन्ही वाढत गेले, तर संशयाची सुई प्रथम गटारांकडे वळते.