स्पीकर ठेवायचा कुठे?

आजींची तक्रार एकच असते, "आवाज येतो रे, पण शब्द कळत नाहीत." नातू आवाज वाढवतो. शोकेसच्या काचा थरथरू लागतात, सूनबाई स्वयंपाकघरातून रागावतात आणि शब्द तरीही कळत नाहीत. रायपूरला तेलीबांध्यासारख्या भागात, जिथे जी. ई. रोडवरच्या वाहनांची घरघर खिडकीतून सतत आत येते, तिथे ही कुरबूर रोजचीच.

दोष थोडा वयाचा असेल, पण बराचसा स्पीकरच्या जागेचा असतो. 'श', 'स', 'त' यांसारख्या व्यंजनांचा बारीक आवाज स्पीकरमधल्या लहान गोल भागातून, ट्वीटरमधून, सरळ रेषेत निघतो. स्पीकर कपाटावर चढवला की तो डोक्यावरून जातो. उलट कोपऱ्यात, भिंतीला टेकवलेल्या स्पीकरचा खर्ज फुगतो आणि त्यात शब्द बुडतात. म्हणून ट्वीटर ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीला आणि स्पीकर भिंतीपासून फूटभर तरी पुढे हवा. यासाठी महागडे तयार स्टँडच हवेत असे नाही. ते घरी होतात.

आधी कानाची उंची मोजावी. खुर्चीवर बसल्यावर ती साधारण 100 सेंटिमीटर भरते, खाली गादीवर बसल्यास 70 ते 75. तयार स्टँड बहुधा सोफ्याच्या हिशेबाने बनवलेले असतात. आपल्याकडच्या बैठकीला ते उंच पडतात. मोजलेल्या उंचीतून स्पीकरच्या तळापासून ट्वीटरपर्यंतचे अंतर वजा केले की स्टँडची उंची मिळते. दोन सारखी जुनी स्टुले घरात असतील, तर बैठकीचा प्रश्न तिथेच सुटतो. पण सारखी दोन स्टुले कोणाच्या घरात असतात?

एरवी प्लंबरकडून सांडपाण्याच्या चार इंची पीव्हीसी पाईपचे दोन तुकडे घ्यावेत. ते अगदी काटकोनात कापून घ्यावेत, कारण कड जरा तिरकी झाली तरी स्टँड कलतो आणि नंतर काही केल्या सरळ होत नाही. सुताराकडे पाऊण इंची प्लायचे उरलेले तुकडे मिळतात. तळाला एक फूट लांब-रुंद, वर स्पीकरच्या बुडाएवढा तुकडा लावावा. दोन्हींच्या मधोमध भोक पाडून आट्यांची लांब सळई आरपार घालावी. खालचा नट प्लायमध्ये खोलगट बसवावा, नाही तर स्टँड डुगडुगेल. पाईपमध्ये वाळू भरून वरचा नट आवळला की झाले.

वाळू चाळून, कडक उन्हात वाळवूनच भरावी. ओली वाळू सळई गंजवते. पिशव्यांत भरून घातली तर सांडतही नाही. 55 सेंटिमीटरच्या पाईपमध्ये सुमारे सात किलो वाळू मावते. ती पोकळ पाईपचा घुमणारा आवाज दाबते.

मात्र घरात रांगणारे किंवा नुकतेच चालू लागलेले मूल असेल, तर आवाजापेक्षा या वजनाचा विचार आधी करावा. पाच-सहा किलोचा स्पीकर मुलाच्या अंगावर पडणे ही साधी गोष्ट नव्हे. विटा एकावर एक रचून केलेला स्टँड अशा घरात नकोच. वाळू खालच्या दोन-तृतीयांश भागातच भरावी, वर फोम किंवा चिंध्या कोंबाव्यात. तळफळीखाली दगडाच्या दुकानातून कडाप्पा किंवा ग्रॅनाईटचा फूटभर तुकडा आणून पक्का चिकटवावा. त्याचेच चार-पाच किलो होतात. स्पीकर वरच्या फळीला पट्ट्याने बांधावा. वायर मोकळी लोंबू देऊ नये, पाईपला जागोजागी बांधून भिंतीकडे न्यावी. मूल स्टँडला ढकलू शकते, तशी वायरही ओढू शकते. शेवटी वरची कड हाताने जोरात हलवून पाहावी. स्टँड जरा जरी उचलला गेला, तर तळ आणखी रुंद करावा.

स्पीकरच्या चार कोपऱ्यांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठेवावेत. प्लायच्या कडांना रंग द्यावा, पावसाळ्यात त्या फुगतात. दोन्ही स्पीकर किंचित आजींच्या जागेकडे वळवावेत आणि मग आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवून गाणे लावावे.