प्राध्यापक शोधावा लागतो

विद्यापीठांच्या विज्ञानविभागांत ज्येष्ठ प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात आणि ‘लायक उमेदवार मिळाला नाही’ असा शेरा मारून फाईल बंद होते. हा शेरा आम्हांस पटत नाही. जाहिरात देणे म्हणजे शोधणे नव्हे.

मुंबईचाच दाखला घ्या. यकृताच्या आणि डोळ्याच्या पेशींत जनुके तीच असतात. त्यांतली कोणती जागी व कोणती निजलेली, ह्यावर सारा भेद. हे नियमन कसे चालते ह्याची पहिली नीट उकल फ्रान्समध्ये झाकोब व मोनो ह्यांनी १९६१ साली एका जंतूवरील प्रयोगांतून केली. ही विद्या अशी नुकतीच उगवत असता, १९६२ साली डॉ. होमी भाभांनी ओबेद सिद्दिकी ह्यांस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणून रेणवीय जीवशास्त्राचा विभाग त्यांच्या हाती सोपविला. भाभा स्वतः पदार्थवैज्ञानिक. शिफारस करणारे लिओ झिलार्डही मूळचे तेच. परंतु आपल्या सिद्धान्ताला दिशा दिल्याचे श्रेय मोनो ह्यांनी ज्यांस दिले, ते हेच झिलार्ड! सिद्दिकींनी तेव्हा अमेरिकेत, जनुकसंदेशात चुकून पडलेला पूर्णविराम निष्प्रभ करणाऱ्या जनुकांवर काम केले होते. वय अवघे तीस.

२०१८ च्या नियमावलीने प्राध्यापकपदासाठी दहा वर्षांचा अनुभव, दहा शोधनिबंध आणि १२० गुण अशी मोजपट्टी घातली. सिद्दिकी तीत बसले असते काय? नियमच नकोत, असे आमचे म्हणणे नाही. वशिल्याला तेवढाच लगाम. पण निबंध मोजणे निराळे आणि ते वाचणे निराळे. व्हिक्टर अँब्रोस ह्यांना एका क्षुद्र कृमीत जनुकांना आवर घालणारा चिमुकला आरएनए आढळला; ते संशोधन १९९३ साली प्रसिद्ध झाले. ती त्या कृमीचीच लहर असावी, असे कित्येक वर्षे मानले गेले. नोबेल पारितोषिक मिळाले २०२४ साली. मधल्या काळात कोणत्या निवडसमितीने त्यास किती गुण दिले असते, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

शिवाय, अशा माणसाला पगारापेक्षा प्रयोगशाळा, कुशल तंत्रज्ञ, विद्यार्थ्यांना वेळेवर शिष्यवृत्ती आणि विषय बदलण्याची मोकळीक हवी असते. सिद्दिकी जंतूंवरून फळमाशीच्या गंधज्ञानाकडे वळले. कोणी अडविले नाही. बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र पुढे त्यांनीच उभारले.

कुलगुरूंनी जाहिरात जरूर द्यावी. तिच्यासोबत ह्या विषयातील चार जाणत्यांना स्वतः पत्रे लिहून नावे विचारावीत, आणि उत्तर येईपर्यंत प्रयोगशाळेच्या खर्चाची तरतूद मंजूर करून ठेवावी.